तेल प्यालेली गिटार

१५ मार्च, शनिवार

बारावीच्या पेपरला सुपरव्हिजन. तीन तास उभं राहून पाय भरून आले. घरी येऊन गिटार काढली तर पुढच्या फळीला तडा. खाली तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या शेजारी. केसाएवढाच, पण नख अडकतं.

भीती होतीच. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये कूलर लावला की लाकूड फुगतं, बंद केला की आकसतं. लाकूड सुकू नये म्हणून दर उन्हाळ्यात गिटारच्या पेटीत ओल्या फडक्याची डबी ठेवते. यंदा मार्चातच एवढं तापेल असं वाटलं नव्हतं.

प्र. म्हणाला, "वीस वर्षांची झाली ती. या वयात माणसांनाही तडे जातात." लग्नाला सतरा वर्षं झाली, नवऱ्याला सांत्वन करायला अजून जमत नाही.

तरी संध्याकाळी वाजवलीच. आई गॅलरीत शेंगा फोडत बसली होती. आपणहून सुरू झाली.

उभ्या माळाला गं, न्हाई झाडाची साउली
मेंढी घालीते गं मान, धनी तिची माउली

ही तिच्या वडलांची धनगरी ओवी. आजोबा सांगोल्याकडचे, जन्मभर मेंढ्यांमागे हिंडले, आई लहानपणी त्यांच्याबरोबर. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली तेव्हा गिटार म्हणजे तिच्या लेखी पोरांचं खेळणं. मग एकदा शेंगा फोडता फोडता गुणगुणायला लागली आणि मी हळूच दोन कॉर्ड धरले. थांबली नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला. एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करायला गेले तर गप्प. "त्यो बगतोय माज्याकडं," म्हणाली. पुन्हा मोबाईल काढला नाही. ओवी लांबच लांब आहे, निम्मीही ऐकून झालेली नाही. घाई कशाला, रोज आहेच की.

२० मार्च

आज फार वाईट वागले.

कॉलेजातून आले, घरात करडईच्या तेलाचा वास. वाटलं काहीतरी खमंग केलंय. आत गिटार खाटेवर आडवी, तारा सैल, आणि आई पुढच्या भोकातून हात घालून आत फडकं फिरवतेय. शेजारी तेलाची वाटी, अर्धी संपलेली.

"तडकलंय न्हवं," म्हणाली. "तहानलंय लाकूड. भाईरनं प्यायना, वार्निस हाय. म्हनून आतनं दिलं. कसं गटागटा प्यालं बग!"

खुशीत होती. त्यांच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा, पोळपाट, मुसळ, सगळ्याला तेल देतात. सुकलेलं लाकूड दिसलं, तिनं तेल पाजलं. हे सगळं मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा फक्त ओरडले. कुणी सांगितलं होतं हात लावायला, तुला काय कळतं यातलं, असं आईला म्हणाले. सख्ख्या आईला.

वाटी उचलून उठली. उरलेलं तेल परत बाटलीत ओतायला गेली तर ओट्यावर सांडलं. तेही तिनंच पुसलं.

२१ मार्च

तारा लावून वाजवून पाहिली. पडशानं घसा बसलेल्या माणसाचा आवाज. छेडलं की उमटतो आणि तिथंच मरतो.

प्र.: "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं." एकटाच हसला. माझं तोंड बघून आपलं जेवायला बसला.

आई दिवेलागणीला गॅलरीत आली नाही. शेंगा आत बसून फोडल्या.

२३ मार्च

"आई, चुकलं माझं."

"चुकायचं काय त्यात. तुजी वस्तू हाय."

तुजी वस्तू. याला काय म्हणायचं? रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या आईचा राग मला माहीत आहे, तो भाकरी थापताना निघतो आणि संपतो. आज भाकऱ्या गुपचूप थापल्या.

२ एप्रिल

पुण्याला फोन केला. गिटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ, मैत्रिणीनं नंबर दिलेला. फोटो आधी पाठवले होते.

"मॅडम, आत ओलं कशानं दिसतंय?"

"तेल."

"कुठलं?"

"करडईचं."

मग हळूच, "तळायची होती का?"

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना कळलं नसावं.

म्हणाले बाहेरून पॉलिश असतं, आतून लाकूड उघडं, ते सगळं शोषून घेतं. आतल्या पट्ट्यांचा गोंद सुटेल. पुढची फळी बदलावी लागेल, मग आवाज तोच राहील याची खात्री नाही. "आणि मॅडम, खरं सांगू? तेल नसतं पडलं तरी तुमच्याकडच्या हवेत ती आज ना उद्या फाटणारच होती. सोलापुरात लाकूड सांभाळायचं तर त्याला एसीत ठेवा. नाहीतर कार्बन फायबरची घ्या. ऊन नाही, पाऊस नाही, काही नाही."

काही नाही. हेच तर आवडलं नाही मला. ज्याला काही होत नाही त्याचा आवाज कसा असेल?

९ एप्रिल

पेपर तपासणी सुरू. घरात गठ्ठे.

आई हल्ली माझ्या कशालाच हात लावत नाही. आधी माझ्या साड्यांच्या घड्या घालायची, पर्स आवरायची, नको नको म्हटलं तरी चष्मा पदरानं पुसायची. आता विचारते. "ही डाळ घेऊ का?" "ह्यो पंखा लावू का?" पाहुणीसारखी. काल तर चमचा घेऊ का म्हणाली. मी म्हटलं, आई, असं करू नकोस गं. म्हणाली, "न्हाय गं, इच्यारल्यालं बरं."

गाणं नाहीच. मी मुद्दाम गॅलरीत बसते. ती त्या वेळेला आत काहीतरी काढून बसते.

गिटार गेली तर गेली. पण ती गायची थांबली तर ती ओवी आता कुणाला येते? आणि ती गात नसली की तिचा चेहराच वेगळा दिसतो, म्हातारा. मला तिचं गाणं परत पाहिजे. कसं आणायचं ते समजत नाही.

२७ एप्रिल

लाकडी गिटार पुण्याला पाठवली. पेटी बंद करताना तेलाचा खवट वास आला. आई दारात उभी होती. "मरती व्हय गं ती?" म्हणाली. म्हटलं, नाही गं, दवाखान्यात चाललीय.

कार्बनची मागवली. किंमत इथे लिहीत नाही.

प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, घे. एवढंच. पुढे टोमणा येईल म्हणून थांबले होते, आला नाही. कधी कधी चांगला वागतो.

११ मे

आली.

काळीकुट्ट. अंगानं जुनीपेक्षा बारीक, मानही त्याच काळ्याची, सांधा दिसतच नाही. हातात घेतली तर गार. उन्हाळ्यात गार लागते म्हणून प्र. खूश, उशाला घेऊन झोपतो म्हणाला.

वाजवली. आवाज स्वच्छ, मोठा, लांब टिकणारा. फार टिकणारा. पुढचा कॉर्ड धरला तरी मागचा अजून रेंगाळत असतो, निरोप घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. जुनीचा आवाज थोडा घोगरा होता, आईच्या आवाजात मिसळून जायचा. हिचा वेगळाच उठून दिसतो.

आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "डांबराची हाय व्हय?"

"नाही गं. कोळशाच्या धाग्याची."

"आसंल," म्हणाली आणि गेली.

झोपताना वाटलं, उगीच घेतली.

१८ मे

पारा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलरचं पाणी संपलं, नळाला उद्या येणार. गिटार दिवसभर भिंतीला टेकून उभी होती, झाकलेली नाही, डबी नाही, ओलं फडकं नाही. संध्याकाळी घेतली. सूर जिथे सोडले होते तिथेच. जुनीचे कान पिळल्याशिवाय उन्हाळ्यात एक दिवस गेला नव्हता.

हे सुख आहे. मान्य करते. बोटंही आता तिच्याशी जुळवून घ्यायला लागलीत, जोर कमी लावला की ती रेंगाळत नाही. इतके दिवस मीच तिला बडवत होते.

आईच्या ओवीचे कॉर्ड वाजवले, मुद्दाम मोठ्यानं. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला. शेतीविषयक कार्यक्रम होता, कांद्यावरच्या रोगाचा. तिला कांद्याशी काय देणंघेणं?

१५ जून

आज रविवार. एक गोष्ट घडली, छोटीच.

सकाळचं ऊन गॅलरीतून आत येतं ते गिटारच्या पाठीवर पडलं होतं. आई तांदूळ निवडत समोर बसलेली. सूप खाली ठेवलं. लांबूनच मान वाकडी करून बघायला लागली.

"ही इणलीया व्हय?"

मी जवळ नेली. उन्हात विणीच्या तिरप्या रेघा स्पष्ट दिसतात. म्हटलं, हो, कापडच आहे. कोळशाच्या धाग्याचं विणतात, घट्ट गोंदात भिजवतात आणि साच्यात दाबून कडक करतात.

"मंग घोंगडीच की! खळ दिल्याली." आणि मग तिनं मला घोंगडीला खळ कशी देतात ते सांगितलं. चिंचोके भाजायचे, भरडायचे, शिजवून लापशी करायची, घोंगडीला चोळायची. वाळली की अशी कडक होते की उभी केली तर उभी राहते. "आमच्या बाची तर दाराम्होरं गड्यासारकी हुबी आसायची. पाऊस आला की डोस्क्यावर घ्यायची, पानी निथळून जायाचं."

मार्चनंतर एवढं सलग बोलली नव्हती. मी श्वासही जपून घेत होते.

"पावसात चालती का ही?"

"चालते."

"उनात?"

"चालते."

माझ्याकडे न बघता, "आन् तेल?"

"तेलही चालेल. ही पीतच नाही."

हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. हात मात्र लावला नाही. मी गिटार अगदी तिच्या गुडघ्याला टेकेल अशी धरली होती. तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

२७ जुलै

पुण्याचा फोन. पुढची फळी काढली, आत तेल पार कोपऱ्यापर्यंत गेलंय. नवी बसवू का? म्हटलं, थांबा थोडं. का थांबा म्हणाले माहीत नाही. नवी फळी बसवली की ती तीच राहील का, हा प्रश्न गणिताच्या बाईला सुटत नाही.

पावसाची झड होती तरी गॅलरीत बसून वाजवलं. तोंडावर, गिटारवर तुषार. पुसली, झालं. पूर्वी पाऊस आला की आधी गिटार आत, मग वाळत घातलेले कपडे, मग मी. आता मोकळं वाटतं. वीस वर्षं आजारी माणसाचं करत होते असं आता कळतंय, आणि त्या माणसाची आठवणही येते.

आई आत होती. सगळं आहे, तीच नाही.

प्र. म्हणतो, तू उंटावरून शेळ्या हाकतेस. तिला सरळ सांग, गा म्हणून. सांगितलंही. आई म्हणाली, "आता हुत न्हाय गं, दम लागतो." भाजीवाल्याशी मात्र तिसऱ्या मजल्यावरून भांडते तेव्हा दम लागत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवायचं.

सोमवारी घट बसतात. नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं धुऊन निघतं, चादरी, गोधड्या, पडदे, फडताळातली न वापरलेली भांडीसुद्धा. आज पाणी सुटायचा दिवस. मी कॉलेजला जाताना आई म्हणाली, समदं काढते आज. म्हटलं, काढ.

चारला परत आले. घरात आई नाही. जिन्यानं गच्चीवर गेले. दोरीवर चादरी, कठड्यावर गोधड्या, टाकीच्या सावलीला भांडी पालथी. आणि मधल्या दोरीला, ओढणीनं मानेला बांधून, माझी गिटार लटकवलेली. थेंब गळताहेत. खाली बादलीत साबणाचं पाणी आणि घासणी.

आई बाजूला पिळे पिळत होती. "धुतली," म्हणाली. "लई धूळ बसली हुती गं आत. भोकातनं पानी घातलं, हालवलं, वतलं. चार डाव वतलं तवा सोच्च निगालं."

तोंडापर्यंत आलं होतं. मार्चातलं सगळं, तेच शब्द, तोच आवाज, घशात तयार. मी जिन्याच्या दाराला धरून उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात पिळ्यावर थांबला. तिलाही आठवलं. चेहरा उतरायला लागला.

"तूच म्हनलीस न्हवं का, पावसात चालती," हळू आवाजात.

मी जाऊन गिटार सोडवली. आतून अर्धा पेला पाणी निघालं. चादरीला हात पुसून तार छेडली. वाजली. सगळ्या तारा छेडल्या. उन्हानं किंचित उतरल्या होत्या, खुंट्या फिरवल्या, जागेवर आल्या. कॉर्ड धरला. तोच स्वच्छ, रेंगाळणारा आवाज, गच्चीभर.

"काय बी झालं न्हाय?" आई.

"काय बी नाही झालं."

"खरं सांग."

"खरंच सांगते. बघ की."

खाली बसली. मीही बसले. आधी कोण हसलं कळलं नाही. शेजारच्या बाई कपडे काढायला आल्या, आम्ही दोघी साबणाच्या पाण्यात बसून डोळे पुसतोय, मधे गिटार. काय झालं वहिनी, म्हणाल्या. आई म्हणाली, "काय बी झालं न्हाय, त्येच तर!"

२१ सप्टेंबर

तारा गंजल्या. त्या लोखंडी, त्यांना कुणी खळ दिली नव्हती. नव्या लावल्या. आईनं शेजारी बसून सगळं बघितलं आणि जुन्या तारा गुंडाळून ठेवून घेतल्या, भांडी घासायला होतील म्हणून.

आज तिनं माझा चष्मा न विचारता पुसला. काचेवर पिठाची बोटं. दिवसभर तसाच घातला.

४ ऑक्टोबर

दुपारी लवकर सुटले. दार उघडायला किल्ली घातली आणि थांबले. आतून एकच तार वाजत होती. सगळ्यात जाड तार. टुंग. मग थांबणं. मग टुंग. आणि त्याच्यावर आईचा आवाज.

गिटार मांडीवर आडवी, पाटासारखी घेतली असणार. कॉर्ड नाहीत, काही नाही, एक मोकळी तार, तुणतुण्यासारखी. सूर उतरत नाही, चढत नाही, रोज जिथे सोडला तिथेच सापडतो, म्हणजे तिला माझी गरज नाही. लाकडी असती तर रोज आधी मला बोलवावं लागलं असतं, सूर लावून दे म्हणून.

बाहेर पायऱ्यांवर बसले. ओवीतला कधी न ऐकलेला भाग होता. कुठल्याशा ओढ्याला पूर आलेला, मेंढ्या अलीकडे, कोकरं पलीकडे. मला रडू यायला लागलं. आनंदानंच. आणि थोडं दुसऱ्याही कशानं, ते लिहायची लाज वाटते. मी नसताना गातेय.

आत गेले तेव्हा गिटार भिंतीला, आई भांडी लावतेय. "आलीस व्हय," म्हणाली. मीही तिच्याबरोबर भांडी लावायला लागले.

७ ऑक्टोबर

दिवेलागणीला गॅलरीत आली. स्वतःहून. शेंगा घेऊन.

"घे की," म्हणाली.

मी घेतली. कॉर्ड धरला तर म्हणाली, "त्ये नगं लई. योकच वाजव." मी एक तार वाजवत बसले, वीस वर्षं शिकलेली बाई. ती गायली. मधेच थांबवून म्हणाली, जरा खाली घे, आता आवाज तेवढा चढत नाही. खाली घेतलं. पुढे गायली. प्र. आत टीव्ही बंद करून बसला होता, उठला तेव्हा त्यानं एकही विनोद केला नाही.

८ नोव्हेंबर

बिरूमामाचा फोन, आईचा थोरला भाऊ. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन निघतो, यंदा अकलूजच्या बाजूला आहे. ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरीच बोलावतात. "हिरीला घिऊन ये की गं," म्हणाला. आईचं नाव हिराबाई, पण हिरी म्हणणारा आता तो एकटाच उरलाय.

आईनं लगेच पिशवी भरली. मग गिटारकडे बोट. "हिला बी घे."

"तिथे? रानात?"

"मंग? तिला काय हुतंय?"

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एस.टी.नं टेंभुर्णी, तिथून दुसरी. गिटार आईच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, आजी, वाजवता का? "न्हाय, धुती," म्हणाली.

वाडा म्हणजे मेंढ्यांचा तळ. रानात जाळीचं कुंपण, आत मेंढ्या, बाहेर ताडपत्री, तीन दगडांची चूल. मामा वाळून गेलाय, पण उभा ताठ. मामीनं चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. आई तिथे पोचल्यापासून वेगळीच चालायला लागली, भराभरा, साडी गुडघ्यापर्यंत ओढून. फ्लॅटमध्ये गुडघे दुखतात म्हणून मी गोळ्या देते.

ऊन कलल्यावर सगळे बसले. मामा आणि दोन गडी. मामानं त्याच्या बापाची ओवी सुरू केली. आवाज खणखणीत. म्हणत म्हणत ओढ्यापर्यंत आला आणि एकदम पुढे, पूर ओसरला, मेंढ्या घरी.

आई म्हणाली, "दादा, मदलं खाल्लंस की."

"कुटलं मदलं?"

"कोकरांचं."

मामा तिच्याकडे बघत राहिला. "त्ये मला न्हाय येत. बा गेला तवाच गेलं त्ये. तुला ठावं हाय व्हय?"

तिनं गिटार ओढून मांडीवर आडवी घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही. टुंग. आणि सुरू झाली. इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. फ्लॅटच्या गॅलरीत ती शेजाऱ्यांना भिऊन गात होती, हे मला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं. दव पडायला लागलं, गिटार ओली झाली, तिनं पदरानं पुसली आणि पुढे चालू. मामा गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होता. कोकरांपाशी आली तेव्हा त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी नुसती बसून होते. हाताला काही काम नव्हतं.

१० नोव्हेंबर

पहाटे उठून निघायचं ठरलं होतं, मला दुपारचा तास. आई मामीबरोबर चुलीपाशी, निघायचं नावच नाही.

"मी ऱ्हाते चार दिस. दादाला सांगाया पायजे सगळं."

"थंडी आहे आई. गोळ्या आणल्यात का?"

"हाईत गं. जा तू. एस्टी जाईल."

मी गिटार उचलायला गेले.

"ती राहू दे," म्हणाली.

गोळ्यांची पट्टी तिच्या पिशवीत वरच ठेवली, कुठली कधी ते मामीला दोनदा सांगितलं. गिटारचं काय करायचं, काय नाही, हेही सांगणार होते. सांगण्यासारखं काही नव्हतं. मामा फाट्यापर्यंत सोडायला आला, वाटेत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. कान दिला तर कोकरांचं कडवं. दुसऱ्या ओळीपाशी अडत होता, परत पहिल्यापासून सुरू करत होता.

एस.टी.त खिडकीपाशी बसले. राग येतोय का ते शोधलं. नाही आला. हात मोकळे, मांडी मोकळी.

१२ नोव्हेंबर

घरात वाजवायला काही नाही, लाकडी अजून पुण्यातच. प्र. म्हणाला, कधी नव्हे ते घर इतकं शांत. मग म्हणाला, बरं वाटत नाही.

संध्याकाळी मामाला फोन केला. रेंज येत-जात होती.

"काय करते आई?"

"मेंढरं वळाया गेलती माज्यासंगं. आता बसलीया. सांजंला शिकवती, मी पाट करतुया. चुकलं की वरडती. ह्या वयात मार खातुया बग."

"गोळ्या घेते का?"

"घेती, घेती."

"कधी आणायला येऊ?"

मागे मेंढ्यांचा गलका, आणि त्याच्याखालून तीच जाड तार, सुरात.

"आजून लई उरलंय गं," म्हणाला.

म्हटलं, रविवारी येते. न्यायला की ऐकायला, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.